तेरा की सोळा? आमच्या सिनेमाच्या सेन्सॉरची हकिगत

आमच्या मराठी सिनेमाला ऑक्टोबर २०२५ मध्ये सेन्सॉर बोर्डाचं, म्हणजे केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचं, प्रमाणपत्र मिळालं. त्याआधीचे काही महिने मी भेटेल त्याला विचारत होते, की हे काम नक्की होतं कसं. उत्तरं दोनच मिळायची. एक, "एजंट लावा आणि मोकळ्या व्हा." दुसरं, "अरे बापरे, सेन्सॉर? फार ताप असतो." सांगणाऱ्यांतल्या बहुतेकांनी स्वतः कधी अर्ज भरलेला नव्हता. आम्ही भरला. पहिल्यांदाच निर्मितीत पडलेल्या, बजेट बेताचं असलेल्या कुणाला उपयोग होईल म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवतेय.

आधी सिनेमाबद्दल थोडं, नाहीतर पुढचं कळणार नाही. लालबागची चाळ, साल १९८३. गिरणी संप जानेवारी १९८२ ला सुरू झालेला, वर्ष उलटून गेलंय, घरात पगार नाही. हे सगळं एका बारा वर्षांच्या मुलीच्या नजरेतून. बाप दारू पितो, एकदा आईवर हात उचलतो. आजोबा दिवसभर तंबाखू मळतात. चाळीतली माणसं चाळीतल्यासारखी बोलतात, म्हणजे शिव्या आल्या. एक संपकरी अंगावर रॉकेल ओतून घेतो. आणि एक मांजर आहे.

मारहाण, तंबाखू, शिव्या, रॉकेल, मांजर. आमचे प्रॉडक्शन बघणारे मामा (युनिटमध्ये सगळेच त्यांना मामा म्हणतात, तीस वर्षं या धंद्यात आहेत) पटकथा वाचून झाल्यावर म्हणाले होते, "ताई, गोष्ट झकास आहे. पण या पाचांचे कागद आत्तापासून गोळा करायला लागू." मला वाटलं होतं मांजर ते गंमत म्हणून मोजतायत. मुळीच नाही. सिनेमात प्राणी वापरायचा तर भारतीय प्राणी कल्याण मंडळाची परवानगी शूटिंगच्या आधी घ्यावी लागते, आणि शूटिंग झाल्यावर त्यांचं ना-हरकत पत्र लागतं. हे मंडळ पूर्वी चेन्नईला होतं, आता हरियाणात बल्लभगडला आहे. पशुवैद्याचा दाखला, प्राणी कुठल्या प्रसंगात काय करणार त्याचं वर्णन, मालकाचं संमतीपत्र असे कागद मामांनी शूटिंगच्या कितीतरी आधी पाठवले होते. आमची मांजर पूर्ण सिनेमात फक्त जिन्यावर बसते. तरी कागद लागतात. तुमच्या सिनेमात बैल, कोंबडी, कुत्रा, काहीही असेल तर हे काम शूटिंगनंतरवर ढकलू नका. पुढे तारखा अडतात त्या बहुधा इथेच, असं मामांचं म्हणणं.

एडिट लॉक झालं, म्हणजे संकलन पक्कं झालं, जुलैमध्ये. तेव्हाच परळमधल्या एका शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंशी माझं बोलणं चालू होतं. आठवी ते दहावीच्या मुलांसाठी खास शो लावायचे, गिरणगावची गोष्ट गिरणगावच्याच नातवंडांना दाखवायची, असा माझा बेत. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "सर्टिफिकेटवर आकडा कुठला असेल?"

हा आकडा तसा नवा आहे. आपल्याकडे १९८३ पासून यू, यूए, ए आणि एस असे चार वर्ग. यू म्हणजे सगळ्यांसाठी, ए म्हणजे फक्त अठरा पूर्ण झालेल्यांसाठी, एस म्हणजे डॉक्टरांसारख्या विशिष्ट व्यवसायातल्या प्रेक्षकांसाठी. मधला यूए हा भलामोठा डबा होता. पाच वर्षांचं पोर आणि सतरा वर्षांचा मुलगा, दोघांच्या आईबापांना तीच दोन अक्षरं दिसायची. श्याम बेनेगल यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २०१६ मध्येच यूएचे वयानुसार भाग करा असं सुचवलं होतं, त्यांनी बारा आणि पंधरा ही वयं धरली होती. प्रत्यक्षात २०२३ मध्ये सिनेमॅटोग्राफ कायद्यात दुरुस्ती झाली आणि यूए ७+, यूए १३+, यूए १६+ असे तीन भाग आले. मार्च २०२४ मध्ये नवे नियमही आले.

मी बाईंना म्हटलं, कायद्याने यूएचा आकडा हा पालकांसाठी सूचना आहे. थिएटरच्या दारात कुणी चौदा वर्षांच्या मुलाला यूए १६+ ला अडवायचं अशी तरतूद नाही, ते बंधन फक्त ए ला आहे. बाई हसल्या. "अहो, पण मी थिएटर नाही. मी शाळा आहे. सोळा लिहिलेलं असलं आणि एका पालकाने चिठ्ठी पाठवली तर मी काय दाखवू?" त्यांचं बरोबर होतं. शाळेसाठी तो आकडा म्हणजे दारच. त्या दिवसापासून आमचं लक्ष्य ठरलं, यूए १३+. दिग्दर्शकाला मात्र हे पटलं नव्हतं. तो तिशीतला, हुशार, तापट. "ताई, आकड्यासाठी सिनेमा करत नाही आपण." मीही तेव्हा वाद घातला नाही.

एजंटचं म्हणाल तर दोघांकडून भाव काढले. एकाने साठ हजार सांगितले, दुसऱ्याने पंचेचाळीस. यात बोर्डाची फी, थिएटरचं भाडं काहीच धरलेलं नव्हतं. त्यांचं काम वाईट असतं असं माझं म्हणणं नाही. रिलीजची तारीख डोक्यावर असेल आणि हाताशी माणूस नसेल, तर घ्या मदत. आमच्याकडे वेळ होता आणि मामा होते.

अर्ज ऑनलाइन करायचा असतो, ई-सिनेप्रमाण नावाच्या पोर्टलवर. आधी निर्मिती संस्थेची नोंदणी करायची, मग सिनेमाचा अर्ज. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मी आणि मामा डायनिंग टेबलवर लॅपटॉप मांडून बसलो. कथासार, श्रेयनामावली, गाण्यांचे शब्द, शीर्षक नोंदणीचं पत्र, प्राणी मंडळाचं पत्र, लांबीबद्दल लॅबचं पत्र, आणि सगळ्यात वेळखाऊ ती सेन्सॉर स्क्रिप्ट. सेन्सॉर स्क्रिप्ट म्हणजे तुमची शूटिंगची पटकथा नव्हे. एडिट झालेल्या सिनेमात जे प्रत्यक्ष दिसतं आणि ऐकू येतं ते, ओळीन् ओळ. कलाकाराने सेटवर पदरचा शब्द घातला असेल तर तोही. पार्श्वभूमीला रेडिओ चालू असेल तर त्यावरचं वाक्यही. हे काम आम्ही एका असिस्टंट मुलीकडे दिलं, तिने आठवडाभर हेडफोन लावून ते केलं आणि त्याचे तिला वेगळे पैसे दिले. द्यायलाच हवेत, फार किचकट काम आहे. एक सल्ला: लॅबच्या पत्रातली लांबी, अर्जातली लांबी आणि डीसीपीची (थिएटरमध्ये चालवायच्या डिजिटल प्रतीची) लांबी ही मिनिट-सेकंदापर्यंत एक असू द्या. आम्ही तिन्ही आकडे एका कागदावर लिहून भिंतीला चिकटवले होते.

बोर्डाची फी सिनेमाच्या लांबीप्रमाणे ठरते आणि ऑनलाइनच भरायची असते. घाई असेल तर जादा फी भरून प्राधान्याने परीक्षण मागण्याची सोयही नव्या नियमांत आहे. आम्ही ती घेतली नाही.

आता तंबाखू. सिनेमात तंबाखूचं कुठलंही उत्पादन दिसत असेल, विडी-सिगारेटच असं नाही, मळलेली तंबाखूसुद्धा, तर आरोग्य मंत्रालयाचे नियम लागू होतात. सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर किमान तीस सेकंदांच्या आरोग्यविषयक फिती, तसाच वीस सेकंदांचा इशारा दोन्हीकडे, आणि तंबाखू पडद्यावर असेल तेवढा वेळ खाली पांढऱ्या पट्टीवर काळ्या अक्षरांत सूचना. ती सूचना सिनेमाच्या भाषेत लागते. आमचे आजोबा जवळपास प्रत्येक घरगुती प्रसंगात तळहातावर चुना घासत असतात, त्यामुळे पट्टी येते-जाते, येते-जाते. दिग्दर्शकाने कपाळावर हात मारला. त्याने मग एडिटरबरोबर बसून काही शॉट्स असे बदलले की आजोबांचा हात चौकटीबाहेर राहील. खरं सांगू का, ते प्रसंग आधीपेक्षा बरे झाले. हात दिसत नाही, तंबाखूवर चापट मारल्याचा आवाज तेवढा येतो.

डीसीपी बनवून घ्यायला अठ्ठावीस हजार रुपये गेले. जिथे बनवली तिथल्या संगणकाने मराठी पट्टीची वाट लावली. 'कर्करोग' मधला रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसला होता. मोठ्या पडद्यावर तपासायला गेलो म्हणून दिसलं. त्यांनी विनातक्रार दुरुस्त करून दिलं, पण त्यात आठवडा गेला. मराठी अक्षरं असलेली कुठलीही पट्टी, उपशीर्षक, श्रेयनामावली लॅबमध्ये टाइप करू देऊ नका. चित्र म्हणून तयार करून द्या. जोडाक्षरं फुटत नाहीत.

अर्ज पूर्ण दाखल झाला तेव्हा गणपती तोंडावर आले होते. २७ ऑगस्टला चतुर्थी. लालबागमध्ये ज्यांचं घर आहे त्यांना त्या अकरा दिवसांत दुसरं काही सुचत नाही आणि सुचलं तरी रस्ता ओलांडता येत नाही. आम्हीही तारखेचा विचार सोडून दिला. अनंत चतुर्दशी झाली आणि पुढच्या आठवड्यात परीक्षणाची तारीख कळली, १७ सप्टेंबर, बुधवार.

मध्ये एकदा कागदपत्रांतली एक शंका विचारायला मी प्रत्यक्ष जाऊन आले. बोर्डाचं मुख्य कार्यालय आणि मुंबईचं विभागीय कार्यालय पेडर रोडला, म्हणजे डॉ. गोपाळराव देशमुख मार्गावर, फिल्म्स डिव्हिजनच्या आवारातल्या इमारतीत नवव्या मजल्यावर. ग्रँट रोड स्टेशनच्या पश्चिमेला उतरून टॅक्सी घ्या, ते सगळ्यात सोपं. शंका पाच मिनिटांत सुटली. त्याच आवारात भारतीय सिनेमाचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. जुन्या गुलशन महालात एक भाग आणि शेजारच्या नव्या इमारतीत दुसरा. तिथे गेलाच आहात तर बघून या.

त्या दिवसांत मी या विषयावरचं मिळेल ते वाचत होते. त्यात लेखक-दिग्दर्शक ख्वाजा अहमद अब्बास यांचा खटला सापडला आणि मी तो दिग्दर्शकाला पाठवला. १९६८ साली त्यांनी चार महानगरांवर एक छोटा माहितीपट केला होता. त्यात मुंबईतल्या वेश्यावस्तीची काही दृश्यं होती. बोर्डाने ए देऊ केलं, अब्बास यांना यू हवं होतं. म्हणजे भांडण माहितीपट दाखवायचा की नाही याचं नव्हतंच, कुणाला दाखवायचा याचं होतं. ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. मधेच सरकारने यू द्यायची तयारी दाखवली, तरी मूळ प्रश्न ऐकला गेला, आणि १९७० मध्ये न्यायालयाने सिनेमाचं पूर्वपरीक्षण घटनेत बसतं असा निर्णय दिला. आज आपण जे अर्ज भरतो त्यांचा पाया तिथे आहे. दिग्दर्शकाने उत्तरात फक्त अंगठा पाठवला.

१७ तारखेला सकाळी अकराचा शो. प्रिव्ह्यू थिएटर आपणच ठरवायचं आणि भाडंही आपणच भरायचं. आम्हाला नऊ हजार पडले, प्रोजेक्शनवाल्याचा चहा धरून. मामांनी आदल्या दिवशी जाऊन डीसीपी चालवून पाहिली होती. दुसरी हार्ड डिस्क खिशात ठेवा, असंही त्यांनी बजावलं. ठेवली, लागली नाही.

पूर्ण लांबीचा सिनेमा पाहायला परीक्षण समितीचे पाच जण येतात. चार सल्लागार सदस्य आणि बोर्डाचा एक परीक्षण अधिकारी. कोण येणार ते आधी कळत नाही. आमच्या वेळी पाचांत तीन महिला होत्या. नमस्कार-चमत्कार झाले, दार बंद झालं आणि आम्ही बाहेर. अर्जदाराने आत बसायचं नसतं.

हे दोन तास फार विचित्र जातात. आतला आवाज अर्धवट ऐकू येतो. मला प्रत्येक प्रसंग पाठ, त्यामुळे कुठे काय चाललंय ते कळत होतं. दिग्दर्शक लॉबीतल्या खुर्चीवर पाय हलवत बसला होता. एकदा आतून हसण्याचा आवाज आला, तो मांजरीच्या प्रसंगाला. मामा म्हणाले, "चला, कागद वसूल."

सिनेमा संपल्यावर समिती आपसांत बोलते आणि मग अर्जदाराला आत बोलावते. माझ्या डोक्यात कोर्टाचं चित्र होतं. प्रत्यक्षात पाच माणसं वहीत काहीबाही लिहून बसलेली आणि एक रिकामी रांग आमच्यासाठी. परीक्षण अधिकाऱ्यांनी विचारलं, "तुम्ही यूए १३+ मागितलंय. का?" मी शाळेचं सांगितलं. आमची प्रमुख व्यक्तिरेखा बारा वर्षांची आहे, तिच्याच वयाच्या मुलांनी तिला पाहावं असं वाटतं, हेही.

मग शिव्यांचा विषय निघाला. दिग्दर्शक तयारीत आला होता. १९९१ च्या मार्गदर्शक तत्त्वांत म्हटलंय की सिनेमा एकूण परिणामाच्या दृष्टीने बघायचा, आणि त्यात दाखवलेला काळ लक्षात घ्यायचा. त्याने ते मांडलं, बऱ्यापैकी शांतपणे. १९८३ ची चाळ, संप, पुरुषांचं बोलणं. एक वयस्कर सदस्य म्हणाले, "आम्ही चिंचपोकळीचेच. शिव्या आम्हाला नव्या नाहीत." बऱ्याच शिव्या त्यांनी राहू दिल्या. दोन शब्द मात्र नकोत म्हणाले, दोन्ही बायकांवरून होते आणि दोन्ही बाप मुलीसमोर वापरतो.

मग एका बाईंनी विचारलं, "तो माणूस रॉकेल ओतून घेतो, तो शॉट किती सेकंदांचा आहे? मोजलाय?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मोजलेला नव्हता. त्या म्हणाल्या, "प्रसंग असू द्या, त्या काळात असं होत होतं. पण डबा उघडतो, डोक्यावरून घेतो, काडी काढतो, सगळं सविस्तर आहे. मोठ्यांना ते दुःख दिसेल. तेरा वर्षांच्या मुलाला कृती दिसेल." मारहाणीच्या प्रसंगाबद्दलही तेच, किती वेळ आणि किती जवळून. मारहाण का आहे असं कुणीही विचारलं नाही.

मला वाटतं या सगळ्या प्रकरणात मी काही शिकले असेन तर ते त्या अर्ध्या तासात. मी विषयाचा बचाव करायची तयारी करून गेले होते. दारू, संप, कुटुंबातली हिंसा मुलांना का दाखवावी, यावर माझ्याकडे छोटं भाषण तयार होतं. ते कुणी मागितलंच नाही. तेरा आणि सोळा यांच्यातला फरक विषयात नव्हता, सेकंदांत आणि कॅमेऱ्याच्या अंतरात होता. तुम्ही जाल तेव्हा आपल्या सिनेमातल्या अशा प्रत्येक जागेचा टाइमकोड (ती नेमकी कितव्या मिनिट-सेकंदाला येते ते), लांबी आणि ती जागा तशी का ठेवली याचं एका ओळीतलं कारण लिहून न्या.

निर्णय त्याच वेळी तोंडी मिळत नाही. काही दिवसांनी पोर्टलवर पत्र आलं. आहे तसा सिनेमा हवा असेल तर यूए १६+. यूए १३+ हवं असेल तर तीन बदल: दोन शब्द काढणं, मारहाणीचा प्रसंग कमी करणं, रॉकेलचा तपशील कमी करणं.

त्या रात्री माझ्या घरी बैठक झाली आणि आवाज चढले. दिग्दर्शकाचं म्हणणं, सोळा घेऊ आणि मोकळे होऊ, कायद्याने कुणी अडवणार नाही असं तुम्हीच म्हणालात ना? नाहीतर सरळ ओटीटीवर टाकू. तिथे फेब्रुवारी २०२१ च्या नियमांप्रमाणे प्लॅटफॉर्मच वर्गवारी करतो, वयाचे आकडेही हेच आहेत. मी म्हटलं, आकडे हेच आहेत तर तिथेही सोळाच लागेल. यावर तो गप्प झाला, पण पटलं म्हणून नव्हे.

दुसरे मार्गही होते, तेही आम्ही बोललो. निर्णय मान्य नसेल तर रिव्हायझिंग कमिटीकडे जाता येतं, तिथे नव्या सदस्यांसमोर सिनेमा पुन्हा दाखवला जातो. तेही पटलं नाही तर उच्च न्यायालय. पूर्वी मध्ये एक अपील न्यायाधिकरण होतं, ते एप्रिल २०२१ मध्ये बंद झालं. वकिलाची फी आणि आमचं बजेट यांची गाठ पडणं शक्य नव्हतं. पण खरा प्रश्न तो नव्हता. मी दिग्दर्शकाला विचारलं, "रॉकेलचा शॉट तुला एवढा लांब का हवाय?" तो बराच वेळ बोलला, त्यात उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा मेसेज आला, "एकोणीस सेकंद आहे. जास्तच आहे."

बदल त्यानेच केले, आणि नुसती कात्री लावून केले नाहीत. रॉकेलच्या प्रसंगात त्याने डबा उचलल्यावर लगेच बघ्यांच्या चेहऱ्यांवर जाऊन थांबायचं ठरवलं. मारहाणीत बापाचा हात दोनदा दिसायचा तो एकदाच, बाकी सगळं दाराबाहेर उभ्या असलेल्या मुलीवर. शब्दांच्या जागी म्यूट केलं की ओठ हलतात आणि प्रेक्षक मनातल्या मनात शिवी भरून घेतो. म्हणून नटाला बोलावून त्या दोन जागा नव्याने डब केल्या. डबिंग स्टुडिओ आणि मिक्सिंगची दुरुस्ती मिळून चौदा हजार. मारहाणीचा नवा प्रसंग मला आधीपेक्षा जास्त अंगावर येतो. रॉकेलचा मात्र थोडा पातळ झालाय असं अजूनही वाटतं. दिग्दर्शकाला विचाराल तर तो उलटं सांगेल.

बदललेले भाग टाइमकोडसह कळवायचे, काय होतं आणि आता काय आहे ते दोन्ही द्यायचं. बोर्डाकडून ते पडताळून पाहिलं जातं. यात दसरा आला, २ ऑक्टोबरला, गांधी जयंतीही तीच. सुट्ट्यांचं कॅलेंडर समोर ठेवूनच आपला अंदाज बांधा. १४ ऑक्टोबरला, मंगळवारी दुपारी, प्रमाणपत्र तयार असल्याचं कळलं. यूए १३+. मी आईला फोन केला. आई म्हणाली, "म्हणजे पास झालात ना? किती मार्क?"

यानंतरची कामं कुणी सांगत नाही, म्हणून थोडक्यात. प्रमाणपत्र सिनेमाच्या सुरुवातीला दहा सेकंद दाखवायचं असतं, त्यामुळे डीसीपी पुन्हा करावी लागते. हा खर्च आधीच धरून ठेवा. पोस्टर आणि जाहिरातींवर वर्ग लिहायचा असतो. थिएटरमध्ये दाखवायच्या ट्रेलरला वेगळं प्रमाणपत्र लागतं, सिनेमाचं त्याला चालत नाही. प्रमाणपत्र मिळाल्यावर सिनेमात काहीही बदललंत, एखादा शॉट, गाण्याचं कडवं, तर ते बोर्डाला कळवून नोंदवून घ्यावं लागतं. दिवाळीत एका प्रायोजकाने सुरुवातीला आपली सात सेकंदांची जाहिरातवजा पाटी घालायला सांगितली होती. मामांनी त्यांना एवढंच विचारलं, "पुन्हा अर्ज भरायला तुम्ही येणार का?"

पूर्वी प्रमाणपत्राची मुदत दहा वर्षं असायची. २०२३ च्या दुरुस्तीनंतर ते कायमचं झालं. राज्य सरकारच्या मराठी चित्रपट अनुदानासाठीही या प्रमाणपत्राची प्रत लागते. राष्ट्रीय पुरस्कारांसाठी वर्ष मोजतात ते प्रमाणपत्राच्या तारखेवरून, प्रदर्शनाच्या नव्हे. त्यामुळे डिसेंबरमध्ये अर्ज टाकणाऱ्यांनी कुठलं वर्ष हवंय ते आधी ठरवावं.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर मुख्याध्यापिकाबाईंना प्रमाणपत्राची प्रत पाठवली. त्यांनी दोन शनिवारचे सकाळचे शो पक्के केले, भारतमाता टॉकीजच्या परिसरातून मुलं चालत येतील असं थिएटर बघा म्हणाल्या. मग विचारलं, "सहावी-सातवीच्या मुलांचं काय? ती बारा वर्षांची आहेत." मी सांगितलं, तेरापेक्षा लहान मुलांनी बघायचं की नाही हे कायद्याने पालकांवर सोपवलंय. बाईंनी त्याच संध्याकाळी पालकांसाठी संमतीपत्राचा मसुदा केला आणि मला वाचायला पाठवला. त्यात सिनेमात काय काय आहे ते स्पष्ट लिहिलं होतं: दारू, एक मारहाण, रॉकेलचा प्रसंग, आणि "काही शब्द". शेवटी कंसात, मांजर आहे.